प्रेरणास्थाने कशी निवडावीत

स्वतःचे गाणे लोकांपुढे ठेवण्याआधी स्वतःच्या प्रेरणा लोकांपुढे ठेवायच्या असतात, हा स्वतंत्र संगीतकाराच्या मार्गावरचा पहिला नियम. गाणे नसले तरी चालते, प्रेरणा मात्र हव्यात. पुण्यात अशी बरीच मंडळी आहेत की ज्यांच्या प्रेरणा मित्रपरिवाराला तोंडपाठ झाल्या आहेत आणि गाणे अजून यायचे आहे. त्यांना कोणी नावे ठेवत नाही. गाणे आधी करून मोकळ्या झालेल्या माणसाकडे मात्र लोक जरा संशयाने बघतात. याला इतकी घाई कसली होती?

इथे 'स्वतंत्र संगीतकार' कोणाला म्हणायचे ते सांगून टाकलेले बरे. ज्याच्या मागे कंपनी नाही, निर्माता नाही, दिग्दर्शक नाही, आणि म्हणून ज्याच्या गाण्यात कोणी ढवळाढवळ करत नाही, तो स्वतंत्र. कोणाला ढवळाढवळ करावीशीच वाटत नाही, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. तिचा उच्चार करू नये.

आता यादी. नावे पाच असावीत. तीन कमी पडतात आणि सहाव्या नावाला ऐकणारा मोबाइल काढतो. पहिले नाव शास्त्रीय संगीतातले. भीमसेन जोशी घेऊ नयेत. ते सगळ्यांनाच आवडतात, त्यामुळे आपले वेगळेपण उरत नाही. कुमार गंधर्व घ्यावेत. 'अनुपरागविलास' मिळवून मागच्या कपाटात अशा उंचीवर ठेवावे की व्हिडिओ काढताना त्याचा कणा आपल्या डाव्या खांद्यावर दिसेल. ते उघडण्याची सक्ती नाही. मात्र उघडलेच तर आत स्वरलिपी आहे, कवितासंग्रह नाही, एवढे ठाऊक असू द्यावे.

दुसरे नाव पिंक फ्लॉइड. कुमार आणि पिंक फ्लॉइड एकाच वाक्यात आल्याशिवाय पुण्यात संगीतकार म्हणून नोंद होत नाही. तिसरे राहुलदेव बर्मन, पण 'आर. डी.' असे म्हणू नये, 'पंचम' म्हणावे, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघावे. चौथे नाव असे असावे की समोरच्याला ते उच्चारता येणार नाही. आइसलंडचा 'सिगुर रोस' हा बँड यासाठी उत्तम. त्यांची काही गाणी कोणत्याच भाषेत नाहीत, निव्वळ बनवलेल्या अक्षरांत आहेत. त्यामुळे शब्द कळले नाहीत म्हणून कमीपणा वाटून घ्यायचे कारण नाही. पाचवे नाव आजी. आजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली असेल आणि घरात पीठ कायम गिरणीतून येत असेल, तरी जात्यावरच्या ओव्या तिच्याच नावावर टाकाव्यात. आजीला आधी कल्पना द्यावी, नाहीतर ती चारचौघांत "मी कधी रे?" असे विचारते.

काय गाळायचे हे त्याहून महत्त्वाचे. कान ज्याने खरोखर घडवले ते यादीत येता कामा नये. भाद्रपदात दहा दिवस, सकाळी सातपासून, खिडकीसमोरच्या मांडवातून प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरात शिरत होता. दप्तर भरताना तो होता, आंघोळीला जाताना होता, गृहपाठाला होता. तार सप्तकात आवाज न चिरकता कसा लावायचा हे त्या भोंग्याने शिकवले, तेही फुकट. त्याचे नाव घेऊ नये. लग्नातला बँड, कोकणातल्या मामाकडची बेंजो पार्टी, पावसाळ्यात नदीपात्रातून येणारा ढोल-ताशांच्या सरावाचा आवाज, शाळेच्या प्रार्थनेची ती एक पट्टी कायमची मुकी झालेली पेटी, कपड्यांच्या पावडरीची जाहिरात, हे सगळे गाळावे. नव्या रचनेच्या मध्यावर जो टाळ्यांचा ठेका आपण 'आदिम' म्हणून टाकलेला असतो, तो घरच्या आरतीचा आहे. आरतीत तो जसा शेवटाकडे घाईला येतो, तसाच इथेही येतो. बोलू नये.

जुन्या लोकांना ही कला साधलेली नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. गृहस्थ मूळचे गुर्लहोसूरचे. कानडी चाली कानांत, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या जिभेवर, आणि त्यांनी हे सगळे उघडपणे वापरले. पुढे संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि त्यापुढे सरळ 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापायची पद्धतच पडली. हे पद अमक्या ठुमरीवर, ते तमक्या लावणीवर. आठ आण्याच्या पुस्तकात सगळी कबुली. प्रेक्षकही असा की मूळ चीज त्याला आधीच ठाऊक असायची, आणि नाटकातले पद ऐकताना तो दोन्ही गाणी एकदम ऐकायचा. कोणी म्हटले नाही की हे ढापले. उलट १९१६ सालच्या 'स्वयंवर'च्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या, आणि बंदिशींचे ते नाट्यपद झालेले रूप अजून लोक गातात. त्यातल्या कित्येकांनी मूळ बंदिश ऐकलेलीही नाही.

भास्करबुवांचीही प्रेरणास्थानांची यादी होतीच म्हणा. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर. नावे तीनच, पण प्रत्येकापाशी वर्षेच्या वर्षे काढलेली. आपल्याकडे यादी पाच नावांची आणि एकेकाला दिलेला वेळ बसच्या प्रवासाएवढा. याला प्रगती म्हणतात. अंतर कापायला पूर्वी फार वेळ लागे.

प्रेरणा पक्क्या झाल्या की ध्वनिमुद्रणाकडे वळावे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत वायरी मिळतात, लाल रंगाची ऑडिओ इंटरफेसची डबी ऑनलाइन मिळते. माइक कंडेन्सर घ्यावा. तो फार संवेदनशील असतो, म्हणजे गायकाच्या श्वासाबरोबरच तो शेजारच्यांचा मिक्सर, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, टँकरचा पंप आणि घंटागाडीवरचे गाणे हेही तितक्याच आत्मीयतेने टिपतो. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवावेत, असा सल्ला प्रत्येक जण देतो. अंड्यांच्या ट्रेने बाहेरचा आवाज अडत नाही. आवाज अडायला भिंतीला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. पुठ्ठ्याला वजन नसते. खोलीतला घुमारा कमी करायचा तर जुन्या गोधड्या जास्त कामाच्या, आणि सर्वांत उत्तम म्हणजे कपड्यांचे भरलेले कपाट उघडून त्यात तोंड घालून गाणे. मराठीतली बरीचशी नवी विरहगीते याच आसनात गायली गेली असावीत, असा माझा दाट संशय आहे. एवढे करूनही कुकरची शिट्टी आलीच तर ती काढू नये. तिला 'शहराचा ध्वनी' म्हणावे. शिट्टी गाण्याच्या सुरात नसेल तर गाण्याची पट्टी बदलावी.

या काळात इतिहास वाचू नये, मन खचते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायली तेव्हा समोर कर्णा होता, तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे होती, आणि चुकले तर दुरुस्तीची सोय नव्हती. तीन मिनिटांत राग मांडून, वर शेवटी स्वतःचे नाव सांगून ती मोकळी झाली. आपल्याकडे संगणकात हवे तितके ट्रॅक आहेत आणि फाइलचे नाव 'शेवटचे_नक्की_४' आहे. गीतरामायणाचा तर विषयही काढू नये. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिले गाणे लागले आणि पुढे आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकर-फडक्यांची छप्पन्न गाणी झाली. आठवड्याला एक! आपल्याला तेवढ्या वेळात स्नेअरचा आवाज निवडून होत नाही. कोणी हा दाखला दिलाच तर शांतपणे म्हणावे, "हो, पण त्यांच्यामागे संस्था होती." आणि चहा मागवावा.

नोकरी सोडावी का, असे पुष्कळ जण विचारतात. वसंतराव देशपांड्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी केली. तेव्हा वसंतरावांपेक्षा आपला गळा बरा असेल तर सोडावी.

गाणे झाले की ते वितरकामार्फत सगळ्या ॲपवर चढवायचे असते. इथे एक फॉर्म भरावा लागतो. संगीतकार कोण, गीतकार कोण, निर्माता कोण. तिन्ही ठिकाणी आपलेच नाव लिहिताना जो आनंद होतो तो पुढच्या पैशांत मोजू नये. मग फॉर्म विचारतो की रचना मूळ आहे की दुसऱ्याच्या गाण्याचे कव्हर. दोनच पर्याय. 'चाल' हा रकाना नाही. ज्या मधल्या जागेत आपली अख्खी नाट्यपरंपरा उभी राहिली तिच्यासाठी त्या फॉर्मवर खूण करायला चौकोनच नाही. तेव्हा 'मूळ'वर खूण करावी आणि पाच प्रेरणास्थाने इतरत्र सांगत हिंडावे.

पैशांचे गणित सोपे आहे. स्पॉटिफायवर गाणे निदान तीस सेकंद वाजले तरच ते एकदा ऐकले गेले असे धरतात, आणि २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकले गेलेले नाही त्याला तिथून रॉयल्टी मिळत नाही. आता घरच्या व्हॉट्सॲप गटाकडे वळा. तिथे दुवा टाकल्यापासून अकरा सेकंदांत पहिला अंगठा येतो, पाठोपाठ "खूप छान!! 👌", मग "सुंदर, शब्द कोणाचे?" गाणे सव्वाचार मिनिटांचे आहे. यावर उपाय म्हणजे गाण्याची सुरुवात आकर्षक करणे, असे परदेशी तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे प्रभावी उपाय एकच: पस्तिसाव्या सेकंदाला एका नातेवाइकाचे नाव गाण्यात घेतले आहे, असे गटात कळवावे. कोणाचे ते सांगू नये. रात्रभर गाणे लावून ठेवण्याचे पुण्यकर्म काही मावश्या आपण होऊन करतात. त्यांना थांबवावे, कारण कृत्रिम वाटणारे आकडे ही ॲप गाळून टाकतात आणि गाणे काढलेही जाऊ शकते.

एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगतो. कोणी छोट्या मालिकेसाठी वा जाहिरातीसाठी गाणे मागितले आणि "सगळे हक्क कायमचे आमचे" असा कागद पुढे केला तर सही करण्याआधी वाचावा. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कसंस्थेलाच देता येतो. शिवाय गाणे रचले की कॉपीराइट आपोआप येतो, नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. हे सांगणारा माणूस त्या बैठकीत बहुधा आपल्या बाजूला बसलेला नसतो.

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. पहिला कार्यक्रम कॅफेत होतो. मानधन म्हणून एक कॉफी आणि टोस्ट सँडविच मिळते, आणि कॉफीचे यंत्र नेमके ध्रुवपदाला सुरू होते. प्रत्येक गाण्याआधी निवेदन करावे. गाणे कुठे सुचले, कोणत्या पावसात, पंचम, आइसलंड, आजी. निवेदन गाण्यापेक्षा लांब असावे. आखूड राहील असे वाटल्यास मध्ये गिटारची तार जुळवावी. जुळलेली तार पुन्हा जुळवण्यास हरकत नाही. टाळ्या निवेदनाला जास्त पडल्या तर पुढच्या वेळी एखादे गाणे कमी करावे.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना एक काका येतील. ते प्रत्येक कार्यक्रमाला येतात. कोणाचे काका आहेत हे कोणालाच माहीत नसते.

"छान झालं हं," ते म्हणतील. "ते तिसरं गाणं मात्र कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय."

घाबरू नये. "हो काका, पंचमचा थोडा प्रभाव आहे," असे म्हणावे.

"छे छे, पंचम नव्हे. थांब, येतंय..." काका डोळे मिटतील, बोटांनी हवेत ठेका धरतील. ठेका बरोबर असेल. शेवटाकडे तो घाईलाही येईल. काका गुणगुणायला लागले की आपण जोरात वायर ओढावी, स्टँड पाडावा, कोणाला तरी हाक मारावी. एवढ्यानेही ते थांबले नाहीत आणि त्यांना मांडव, साल आणि गायकासकट गाणे आठवलेच, तर त्यांचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. काका बहुतेक वेळा बरोबर असतात. गाण्याचे नाव वहीत उतरवून घ्यावे, काकांचा फोन नंबर घ्यावा, आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख त्यांना कळणार नाही अशी व्यवस्था करावी.