दोन थाउ इकडे-तिकडे

जबलपूरच्या मराठी घरांत एक तरी फॅक्टरीवाले काका असतातच. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, खमरिया दुसऱ्या महायुद्धातली, व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतातलं हे शहर, त्यामुळे मराठी माणसं इथे आधीपासून होतीच. फॅक्टऱ्यांचे भोंगे वाजू लागल्यावर ती वेळेवर उठूही लागली.

आपले काका खमरियाचे. सुरुवातीची वर्षं भुसावळजवळच्या वरणगावला, मग म्युच्युअल ट्रान्सफर घेऊन इकडे. फंडाच्या पैशांतून त्यांनी मझौलीत घर बांधलं. सिहोऱ्याहून आत गेलं की हे गाव लागतं. लोक इथे कलचुरी काळातल्या विष्णुवराहाच्या दर्शनाला येतात. काकाही जातात. नमस्कार करतात, मग चष्मा सरसावून मूर्तीच्या कडा न्याहाळतात आणि पुजाऱ्याला म्हणतात, “फिनिशिंग पाहून राहिला ना? आणि तेव्हा करंट नव्हता!” यापेक्षा मोठी स्तुती त्यांच्याकडे नाही.

काकांचं माप मिलिमीटरच्या पुढे, थाउमध्ये चालतं. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाट हलला की “दोन थाउ आउट आहे.” जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा काकूंनी विचारलं, “कसा वाटला?” काका म्हणाले, “ठीक आहे. दोन थाउ इकडे-तिकडे.” तिसऱ्या थाउला लग्न मोडलं असतं, असं काकू अजून सांगतात.

या काकांचं खरं दुःख वेगळं आहे. वरणगावात त्यांचं सगळं तारुण्य काडतुसाच्या पुंगळीत गेलं. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असलेल्या पितळेची वाटी घ्यायची, ती टप्प्याटप्प्याने खेचून लांब करायची, मध्ये मध्ये भट्टीत नरम करायची. प्रत्येक खेचणीनंतर तोंडाची कड वेडीवाकडी होते, म्हणून ती कापायची, ट्रिमिंग करायची. हाताखालून एवढा माल गेला, पण घरात शोभेला म्हणून ठेवायला एक रिकामी पुंगळीसुद्धा नाही. गेटवर झडती असायची, आणि काका झडतीवाल्याच्याही आधी स्वतःचे खिसे उलटे करणारे. त्यातून 1959 चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा, त्यामुळे जे काम सर्वांत चांगलं येतं, नेमकं तेच घरी करायची सोय नाही. लाडू येणारी बाई घरी लाडू वळते. काकांनी काय वळायचं?

म्हणून इतकी वर्षं काकांची सगळी अचूकता घरातल्या गरीब वस्तूंवर पडत आली. कुकरची शिट्टी, शिलाई मशीन, मोटर बसवलेली खवणी. (तिने खोबरं उत्तम किसलं. करवंटीही किसली.) मझौलीच्या बाजूला मटार भरपूर, तेव्हा सोलायचं यंत्रही झालं; पण निसर्ग प्रत्येक दाणा वेगळ्या मापाचा काढतो, हे काकांना सहन होईना आणि ते काम त्यांनी रागाने सोडलं.

अशात टेक्सासहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे स्वतःपुरती काडतुसं घरी भरायला परवाना लागत नाही. नेमबाजीचे शौकीन झाडलेल्या पुंगळ्या जपून ठेवतात आणि पुन्हा भरतात. पण गोळी झाडली, पुंगळी परत मापात दाबली, की पितळ तोंडाकडे सरकतं आणि पुंगळी लांबते. जास्त लांबली तर बंदुकीत तोंड आवळलं जातं आणि दाब भलताच वाढतो. म्हणून कापणं आलं. हाताने कापत बसलं तर मनगट जातं. पुतण्याने गॅरेजमध्ये प्लायवूडवर जुन्या ड्रिलची मोटर बसवून ट्रिमर बनवला होता आणि मोठ्या हौसेने तो दाखवत होता.

काकांना पहिला धक्का काडतुसं घरी बनतात याचा बसला. “पोलीस?” त्यांनी हळूच विचारलं. दुसरा धक्का पहिल्याहून मोठा होता.

“प्लायवूड?”

“काका, चालतंय मस्त.”

“चालून नाही राहिलं, रडून राहिलं ते. आवाज ऐक. चक आउट आहे तुझा. आणि गॉगल कुठे आहे? पितळेचा किस डोळ्यात गेला म्हणजे?”

पुतण्याने गॉगल घातला. “लांबी किती ठेवून राहिला?” काकांनी विचारलं.

“कमाल दोन पॉइंट शून्य एक पाच इंच.”

“एक्कावन्न पॉइंट अठरा मिलिमीटर,” काका डोळे मिटून म्हणाले. काकूंची जन्मतारीख त्यांना इतक्या झटकन आठवत नाही. “आणि थांबवतो कसा?”

“हाताने. अंदाज येतो.”

अंदाज! काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि पाणी प्यायले. मग बाकीचा सगळा हिवाळा शिकवणीत गेला. मोटर कसलीही चालेल, लांबी स्टॉप ठरवतो. चक सरळ कर. कापलं की आतली आणि बाहेरची बर काढ. इथवर गुरु-शिष्यांचं जमलं. मग वाद पेटला तो टेकवायचं कुठे यावर. काकांच्या मते पुंगळी बुडावर टेकवूनच मापायची. पुतण्याचं म्हणणं, आजकालचे बरेच ट्रिमर पुंगळी तोंडाकडे निमुळती होते त्या खांद्यावर टेकवतात, काम झटपट होतं. “खांदा दाबताना मागेपुढे होतो रे, बूड कुठे जातंय?” काका ओरडायचे. रात्री शेजारी विचारायचे, कशावरून चाललंय? काकू सांगायच्या, “बुडावरून.”

शेवटी शब्द पुरेनात, तेव्हा काकांनी नमुना म्हणून मझौलीत स्वतःचा ट्रिमर बांधला. शिलाई मशीनची मोटर, पायाखाली तिचं पेडल, सिहोऱ्याच्या खरादवाल्याकडून करून घेतलेलं बुश, आणि बुडाशी घट्ट पोलादी स्टॉप. पुंगळी मिळणार नव्हती, म्हणून शेवग्याच्या शेंगा घेतल्या. शेंग घुसवा, पेडल दाबा, कच्च. तुकडा व्हर्नियरवर एक्कावन्न पॉइंट अठरा. आता त्यांच्या घरी आमटीतल्या सगळ्या शेंगा एका मापाच्या असतात. छोट्या निघालेल्या काका रिजेक्ट म्हणून बाजूला काढतात आणि काकू त्यांच्याच पानात वाढतात.

काकांशी फॅक्टरीविषयी मात्र जपून बोला. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, आणि खमरिया ज्या म्युनिशन्स इंडियात गेली तिचं मुख्यालय पुण्याला. कंपनी झाली याचं काकांना फारसं वाईट वाटलं नाही. पुण्याला विचारावं लागतं, याचं वाटलं.

मझौलीला वराहाच्या दर्शनाला गेलात तर काकांकडे जरूर जा. चहा फक्कड असतो आणि वेळ असेल तर शेंगांची आमटीही मिळेल. फक्त आपल्या घरचा मिक्सर, पंखा किंवा सायकल कुरकुरते असं चुकूनही बोलू नका. बोललातच, तर मुक्कामाच्या तयारीने जा.