मेपलचा चातुर्मास

प्रेम हे भरवूनच करायचं असतं, अशी अप्पांची ठाम समजूत. त्यांच्या पानावरून पाहुणा शेवटची पोळी नाकारून उठल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पुढे मुलगा कॅलिफोर्नियाला गेला, सुनेने कीटो धरलं, आणि न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरातला सगळा आग्रह दारातल्या जपानी मेपलवर येऊन पडला.

जपानी मेपल, त्यातही हा लालबुंद 'ब्लडगुड', म्हणजे जात्याच अल्पाहारी प्राणी. वाढ संथ, मुळं उथळ. वसंताच्या तोंडावर, पानं फुटायच्या आधी हळूहळू विरघळणारं थोडं खत आणि वर दोन-तीन इंच मल्च, की वर्षाचं भागलं.

"वर्षातून एकदाच जेवण? वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये!" असं म्हणून अप्पांनी लॉनचं खत ओतलं. त्यात नायट्रोजन ठासून भरलेला. झाडाने लांबलचक, लेचेपेचे फांटे टाकले, लाल पानं हिरवट पडली, कडा करपल्या. फांटे पाहून अप्पा म्हणाले, "कसं अंग धरलंय!" कडा पाहून म्हणाले, "अजून कमी पडतंय." मात्रा दुप्पट झाली. मल्च खोडाला चिकटू देऊ नये, साल कुजते, हे शेजाऱ्याने सांगून पाहिलं. पण न्यू जर्सीच्या थंडीत पोराचा गळा उघडा ठेवणं अप्पांना जमेना. त्यांनी खोडाला गुडघाभर मल्च गुंडाळलं.

मग आलं फिश इमल्शन. घरात अंडंही न आणणाऱ्या अप्पांनी माशांचा अर्क स्वतःच्या हाताने घातला. "खाणार तो आहे, आपण नव्हे." रात्री वासावर रॅकून आले आणि सगळं आळं उकरून गेले. दुसऱ्या रात्री अप्पांनी त्यांच्यासाठीही पोळी ठेवली.

काकूंनी अखेर रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून माती तपासून आणली. मातीत सगळं मुबलक आहे, वरून काही घालू नका, असा अहवाल आला. अप्पांनी तो चष्मा लावून वाचला आणि घडी घालत म्हणाले, "पाहुणाही आधी नकोच म्हणतो."

जुलैनंतर खत दिलं की उशिरा फुटलेली कोवळी पालवी थंडीत जळते, हे काकूंना ठाऊक होतं. अप्पांना शास्त्र सांगून उपयोग नाही, हेही ठाऊक होतं. आषाढी एकादशीला त्यांनी देवासमोरच जाहीर केलं, "आजपासून झाडाचा चातुर्मास. कार्तिकीपर्यंत कडकडीत उपास."

धर्माचं नाव निघताच अप्पांनी हात जोडले. खताच्या पिशव्या गराजमध्ये गेल्या. चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी अप्पा बाटली घेऊन झाडाशी वाकलेले दिसले.

"अहो, हे काय?"

"सीवीडचा अर्क," अप्पा म्हणाले. "उपासाला चालतं."