आधी वदवून घ्या, मग घरी पाठवा

ओपीडीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात निरुपयोगी प्रश्न म्हणजे ‘कळलं का?’ मुळशी धरणापलीकडच्या वाडीवरून एसटी बदलत आलेली आजी डॉक्टरांना ‘नाही कळलं’ म्हणेल? ती मान डोलावते, केसपेपरची घडी घालते आणि निघते. केसपेपरवर लिहिलेलं असतं १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे ज्याला आधीच ठाऊक त्यालाच ते वाचता येतं.

एरवी निभावून जातं. संधिवातावर मेथोट्रेक्सेट दिलं असेल, तर निभावत नाही. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड असतं, कोणती कधी याचा घोळ होतो. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं की तोंड आतून सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. जगभर असे मृत्यू झाले आहेत. निदान बरोबर, औषध बरोबर; चुकलं ते सांगणं.

उपाय फुकट आहे. ‘आजी, घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, सांगा बरं मला.’ चुकलं तर पुन्हा सांगा. पाकिटावर मराठीत ठळक लिहा : फक्त सोमवारी.

डॉक्टर-सिस्टरांच्या आपापसातल्या बोलण्यातही हेच. रात्री फोनवर डोस सांगितला, तर सिस्टरनं तो आकड्यासकट परत म्हणावा आणि डॉक्टरांनी वैतागू नये. भातखाचरात साप चावलेल्याला पौडहून १०८ रुग्णवाहिकेतून पुण्याला हलवताना साप किती वाजता चावला, प्रतिविषाच्या किती कुप्या दिल्या, हे कागदावर आणि तोंडी, दोन्ही पोचलं पाहिजे.

२०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद रीतसर शिकवतात. त्याच वर्षापासून १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिनही पाळतात. पण गोळ्या आजीच्या हातावर ठेवतो तो औषधाच्या खिडकीतला माणूस. त्याला कोण शिकवणार?

रांग मोठी, डॉक्टर एकच, ही अडचण खरी आहे. मग निदान मेथोट्रेक्सेट, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधं, एवढ्यांपुरतं तरी ठरवा : रुग्णानं स्वतःच्या तोंडानं सांगितल्याशिवाय त्याला खिडकीपासून हलू द्यायचं नाही.