रजेवरचा राजवाडा

सोल शहराच्या उत्तर भागात, बुगाकसान डोंगराच्या पायथ्याशी असलेला ग्योंगबोकगुंग हा जोसन राजघराण्याचा मुख्य राजवाडा १३९५ मध्ये बांधून झाला, आणि त्यामुळे त्याचे वय सहाशे वर्षांहून अधिक सांगितले जाते; हा हिशेब चुकीचा नसला, तरी या वाड्याच्या सेवापुस्तिकेत हजेरीपेक्षा रजाच जास्त भरली आहे. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी तो जळाला, पुढची पावणेतीनशे वर्षे तसाच पडीक राहिला, १८६५ ते १८६७ या काळात पुन्हा उभा राहिला, आणि १८९६ मध्ये राजा गोजोंग येथून गुपचूप निघून रशियन वकिलातीत आश्रयाला गेला, तो येथे पुन्हा राहायला आलाच नाही. म्हणजे नव्याने बांधलेल्या वाड्याला राजाचा सहवास तीस वर्षेही लाभला नाही, आणि त्यातही खाडे पडले. त्यानंतर जपानी राजवटीने येथील बहुतेक इमारती पाडून पुढच्या अंगणात आपले प्रचंड मुख्यालय उभारले, आणि १९९५ मध्ये कोरियाने तेही पाडायला घेतले. सिंहासनगृह आणि तळ्यातला मंडप १८६७ चे अस्सल असले, तरी ज्या दालनांसमोर प्रवासी पुरातनतेने भारावून जातो, त्यांतली कित्येक त्याच्यापेक्षा वयाने लहान आहेत.

पुनर्बांधणीचा सूत्रधार हुंगसॉन देवॉनगुन हा गोजोंगचा पिता होता. ‘देवॉनगुन’ ही पदवी स्वतः गादीवर न बसलेल्या राजपित्यास मिळत असे, आणि मुलगा बाराव्या वर्षी राजा झाल्यामुळे कारभार बापाच्याच हाती होता. तिजोरीत पैसा नसताना राजधानीतला सर्वांत मोठा वाडा बांधायचा, या अडचणीवर त्याने ऐच्छिक वर्गणीचा उपाय काढला. ऐच्छिक वर्गणी म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. तीही पुरेना, तेव्हा एक नवे नाणे पाडून त्याची किंमत जुन्या शंभर नाण्यांएवढी आहे असे जाहीर करण्यात आले. त्यातला धातू मात्र पाच-सहा नाण्यांच्याच मोलाचा होता, आणि ही तफावत सरकारच्या आधी बाजाराच्या लक्षात आल्याने महागाई वाड्याच्या भिंतींपेक्षा वेगाने वर चढली.

ग्वांगह्वामुन या दक्षिणेच्या महाद्वाराबाहेर हेते नावाचे दोन दगडी प्राणी बसवलेले आहेत. हेते हा न्यायान्याय ओळखणारा आणि आग गिळणारा काल्पनिक पशू असून, शहराच्या दक्षिणेकडील ग्वानाकसान डोंगरातून येणारी अग्नितत्त्वाची पीडा त्याने रोखावी, अशी अपेक्षा होती. ही जोडी पुनर्बांधणीच्या वेळची, आणि त्यानंतर १८७३ व १८७६ मध्ये वाड्यात मोठ्या आगी लागल्या. परंतु दोघांची नोकरी शाबूत राहिली. द्वारावरच्या नामफलकाची कथा अधिक आधुनिक आहे. २०१० मध्ये मोठ्या समारंभाने बसवलेल्या फलकाला तीन महिन्यांच्या आत तडा गेला, वाद माजला, जुनी छायाचित्रे तपासली गेली, आणि त्यातून असे निष्पन्न झाले की फलकाचे रंगही चुकले होते, कारण मुळात पांढऱ्यावर काळी नव्हे, तर काळ्यावर सोनेरी अक्षरे होती. दुरुस्त फलक २०२३ मध्ये लागला, म्हणजे मूळ राजवाडा बांधायला लागला त्याहून अधिक काळ या पाटीला लागला.

आतल्या पुलाखाली काठावर दबा धरून बसलेल्या दगडी रक्षक-पशूंपैकी एक प्रवाशाला चक्क जीभ काढून दाखवतो. पुढे ग्युनजोंगजॉन हे सिंहासनगृह आहे, आणि त्याच्या अंगणात दरबारी अधिकाऱ्यांनी कोणी कोठे उभे राहायचे हे सांगणारे श्रेणीस्तंभ रोवलेले आहेत. पूर्वेला मुलकी, पश्चिमेला लष्करी, आणि पहिल्या श्रेणीपासून नवव्या श्रेणीपर्यंत राजापासूनचे अंतर वाढत जाणारे. छायाचित्रासाठी प्रत्येक प्रवासी पहिल्या श्रेणीच्या दगडाशी उभा राहतो, त्यामुळे नववी श्रेणी कायम ओस असते.

छपरांच्या उतरत्या कडांवर ‘जपसांग’ म्हणजे दुष्ट शक्तींना दूर ठेवणाऱ्या छोट्या मातीच्या मूर्ती ओळीने बसलेल्या दिसतात. परंपरेनुसार त्या ‘पश्चिमेचा प्रवास’ या चिनी कादंबरीतल्या पात्रांच्या असून, सर्वांत पुढे बसलेला गृहस्थ म्हणजे थांग देशाचा महागुरू, अर्थात ह्युएनत्सांग होय. सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन, महाराष्ट्रातले लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे आणि अपमान तर मुळीच न विसरणारे आहेत, असा शेरा लिहून ठेवणारा हाच तो भिक्षू. त्यामुळे मराठी प्रवाशाने वर पाहून ओळख दाखवण्यास हरकत नाही. कन्फ्यूशियसच्या शिकवणीवर चालणाऱ्या जोसन राज्याने बौद्ध भिक्षूंना राजधानीत पाऊल ठेवायला दीर्घकाळ बंदी केली होती, आणि त्याच काळात सर्वांत नामांकित भिक्षूला राजाच्या डोक्यावर बसवून पहाऱ्याचे काम दिले होते. छपरावर पाऊल ठेवण्याबद्दल कायद्यात तरतूद नसावी.

वाड्याच्या उत्तर टोकाला ह्यांगवॉनजोंग हा मंडप असलेल्या तळ्याजवळ १८८७ मध्ये कोरियातला पहिला विजेचा दिवा लागला. एडिसनच्या कंपनीची यंत्रसामग्री तळ्याच्या पाण्यावर चाले, तापलेले पाणी तळ्यात परत जाई आणि मासे मरत, त्यामुळे हे लक्षण शुभ नाही अशी कुजबुज झाली. शिवाय दिवा मनाला येईल तेव्हा विझे आणि खर्च मात्र अखंड चाले, म्हणून लोकांनी त्याला पैसे उडवणाऱ्या उनाड माणसाचे नाव दिले. याच भागात १८९५ मध्ये जपानी मारेकऱ्यांनी राणी म्योंगसॉंगची हत्या केली, आणि पुढच्याच वर्षी गोजोंगने वाडा का सोडला याचे उत्तर तेथे उभ्या असलेल्या प्रवाशाला विचारावे लागत नाही. तेवढ्या जागेपुरती थट्टा बाजूला ठेवावी.

राजांची ही जुनी टंचाई आता पूर्णपणे दूर झाली आहे. हानबोक म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून येणाऱ्यास तिकीट माफ असल्यामुळे आसपासच्या गल्ल्यांत भाड्याने पोशाख देणारी दुकाने ओळीने उभी आहेत. तिकीट ३,००० वॉनचे आणि पोशाखाचे भाडे त्याच्या कितीतरी पट, तरीही तिकीट वाचवल्याचे समाधान प्रत्येकाच्या चेहऱ्यावर झळकते. फुकट प्रवेशाला पात्र पोशाख कोणता, याची नियमावली दरबारी शिष्टाचाराइतकीच बारकाईची आहे, आणि २०१९ पर्यंत तिच्यात पुरुषांनी विजार व स्त्रियांनी घागराच घातला पाहिजे असेही कलम होते, जे मानवाधिकार आयोगाने आक्षेप घेतल्यावर वगळण्यात आले. पाचशे वर्षांत एका वेळी एकच राजा असण्याचा कटाक्ष पाळणाऱ्या या अंगणात आता दुपारच्या वेळी छातीवर ड्रॅगन मिरवणारे, ठिकठिकाणच्या देशांतून आलेले डझनभर राजे एकमेकांच्या छायाचित्रांतून वाट काढत असतात. भाड्याची मुदत संपत आली की तेच राजे झग्याचे सोगे दोन्ही हातांनी सावरून महाद्वाराकडे धावत सुटतात, कारण उशीर झाल्यास दुकानदार जादा आकार लावतो. मंगळवारी वाडा बंद असतो, आणि हेतेंखेरीज कोणालाच ड्यूटी नसते.