पॉलिसी? काढू की!

16 ऑक्टोबर 2023. चिपळूणचा बहादूरशेख नाका. मुंबई-गोवा महामार्गाच्या अर्धवट उड्डाणपुलाने सकाळी मोठा आवाज करून वर्दी दिली आणि दुपारी गर्डर लाँचरसकट अंग टाकलं. माणूस दगावला नाही. आधी सांगून कोसळणारं बांधकाम म्हणजे आपल्याकडे सौजन्यच! पुढे आराखडा बदलला, मधे जादा खांब आले.

अशा कुठल्याही पुलाखालून रोज जाणाऱ्याला विचारा, हा डोक्यात पडला तर भरपाई कुठल्या पॉलिसीतून? त्याला कसं ठाऊक असणार? कामाच्या फलकावर कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, रक्कम, मुदत, दोषदायित्व कालावधी सगळं असतं. वर मान्यवरांचे फोटो. विम्यापुरती जागा उरत नाही.

निविदेत मात्र विमा ठळक असतो. सार्वजनिक बांधकाम खात्याची अटच आहे: विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडे काढा; कंपनीकडे जायचंच असेल तर 60 टक्के वाटा सरकारी विमा निधीचा, 40 कंपनीचा. नाही काढला तर हप्ता बिलातून कापून घेतात. हप्ता कुणाच्या तिजोरीत जाणार, याची काळजी एकदम चोख.

खासगीत तर आनंदीआनंद. मुंबईचा चाकरमानी गावी घर बांधायला काढतो. चिरा कुठल्या खाणीचा, गाडी केवढ्याला पडणार, गणपतीला नव्या घरात जाता येईल का, यावर तासभर घासाघीस. विम्याचं नाव काढलं की ठेकेदार हसतो, “काढू की दादा, घाई काय?” सही होऊन आगाऊ रक्कम गेली की ती घाई कायमची मिटते. एखादा लगेच फायलीतून कागद काढून दाखवतोही. तो त्याच्या डंपरचा असतो.

पाहिजे तो कागद बांधकामाच्या विम्याचा, ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’चा. नावात ‘ऑल’, आत अपवादांची यादी. सदोष आराखड्याने झालेलं नुकसान आणि निकृष्ट माल बदलण्याचा खर्च त्यातून सहसा वगळलेला असतो. आपल्याकडची कामं पडतात ती बहुधा याच दोन पुण्यकर्मांनी! शेजाऱ्याचं कौल फुटलं, वाटसरू जखमी झाला, तर त्याच्या भरपाईचा भाग पॉलिसीत घेतलाय का, ते बघा. मजुरांचा विमा निराळा. बिल्डरांनी तर तो आधी पाहावा. मजूर ठेकेदाराचा असला तरी भरपाईसाठी कायद्याने बिल्डरलाही धरता येतं. आणि पूर-वादळ वगळलं असेल, तर 2020 चं निसर्ग चक्रीवादळ नि 2021 चा चिपळूणचा पूर बघितलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात ती पॉलिसी नुसती फायलीची शोभा. शिवाय पावसात काम रखडतं, पॉलिसी रखडत नाही. ती ठरल्या तारखेला संपते.

तेव्हा सहीआधी पॉलिसीची प्रत मागा. कामाचा पत्ता, विम्याची रक्कम, मुदत, अपवाद नीट वाचा; ‘काढू की’ला आगाऊ रक्कम देऊ नका. आणि बांधकाम खात्याला विनंती, फलकावर एक ओळ वाढवा: पॉलिसी क्रमांक, विमा कुणाकडे, मुदत कधी संपते. जागा कमी पडली तर एक मान्यवर उतरवा.