पाव्हण्यांना दिसेल तेवढंच

तुरीची पट्टी हातात पडली, सोयरीक जमली आणि पाहुणे घर बघायला येणार असं ठरलं की आमच्या खटकचिंचोळीत सगळ्यांना आधी आठवते ती आलमारी. माळवदाच्या जाड भिंतीत बसवलेली, दोन सागवानी फळ्यांची. नवी करायची म्हटलं तर सुतार असा आकडा सांगतो की ऐकणारा खालीच बसतो. मग निघतो कमी पैशातला उपाय: दारावर आरसा चिकटवा!

उपाय नामी आहे. आत काय कोंबलंय ते झाकलं जातं, बघणारा स्वतःवर खूश होतो आणि खोली फुकटात दुप्पट होते. दोन पंखे, दोन बाजा, सासरेबुवाही दोन. ही युक्ती सरकारला आमच्या आधीच सुचली होती. आमच्या भागाच्या दारावर ‘हैदराबाद-कर्नाटक’ असं लिहिलेलं होतं. २०१९च्या सप्टेंबरात त्यावर ‘कल्याण कर्नाटक’ असा लखलखीत आरसा बसला. आत ३७१ (जे) कलमाचा कप्पा २०१३ पासून आहेच. त्यात स्थानिकांसाठी नोकऱ्यांचं आरक्षण नीट घडी घालून ठेवलंय, नोकऱ्या तेवढ्या ठेवायच्या राहिल्या.

असो. आरशाकडे येऊ. चार मिलिमीटर जाडीचा, दीड फूट रुंद, सहा फूट उंच आरसा घेतला तर एका फळीवर आठ किलोहून जास्त वजन चढतं. दोन्ही मिळून जवळपास सतरा किलो. हे पेलायचं कुणी? निजामाच्या अमदानीत ठोकलेल्या बिजागऱ्यांनी. पंधरा दिवसांत फळी खाली बसते, उघडताना शहाबादी फरशीवर घासते आणि दगडावर सुबक चंद्रकोर कोरते. घरातल्या बाया त्या रेघेवरून रोज फडकं फिरवतात, पण ती काही पुसली जात नाही.

चिकटवण्याची कथा वेगळीच. स्वस्तातलं सिलिकॉन घेतलं की आंबूस वास सुटतो. त्यातलं अ‍ॅसिड हळूहळू आरशामागचा चांदीचा थर खातं आणि एके दिवशी नवरदेवाच्या गालावर काळे डाग उगवतात. न्यूट्रल सिलिकॉनने हे होत नाही, पण त्याला दोन पैसे जास्त पडतात, आणि दोन पैसे वाचवायलाच तर हा सगळा खटाटोप. प्लास्टिकचा आरसा निम्म्या वजनाचा असतो खरा. फळी जरा वाकडी असली की तोही वाकतो आणि त्यात व्याही एकदम लांबट दिसायला लागतात.

वास्तुवाल्यांनी आरसा उत्तरेच्या भिंतीला सांगितला, आलमारी निघाली दक्षिणेला. भिंत हलवणं बजेटात बसेना, म्हणून मोबाइलमधलं होकायंत्र उलटं धरलं. शास्त्र समाधान पावलं.

बीदर इथून लांब नाही. किल्ल्यातल्या रंगीन महालात अली बरीदशहाच्या काळात काळ्या दगडात शिंपला जडवला, त्याला साडेचारशे वर्षं होत आली आणि तो अजून चमकतो. त्या कारागिरांना एकच खोड होती: आधी दगडात शिंपल्याच्या मापाची खाच कोरायची, मग शिंपला बसवायचा. नळी दाबली, चिकटवलं, फोटो काढला, असं त्यांना जमलंच नाही. आजच्या टेंडरात ते पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

परवा गल्लीत एका घरी हेच काम चाललं होतं. मिस्त्रीने फळी हलवून पाहिली, स्क्रू बोटानेच बाहेर आला.

“मामा, आधी बिजागऱ्या बदला. आरसा मागून लावू.”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“बिजागरी पाव्हण्यायला दिसती का रं?”

“न्हाई.”

“मग लाव आरसा.”