वजन ज्याचं त्याचं

सोयगावात सकाळी पळणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, "भरती कधी आहे?" पळणारे आमच्याकडे दोनच प्रकारचे. एक भरतीवाले, दुसरे डॉक्टरनं शुगर सांगितलेले. माझी वयोमर्यादा उलटून गेली, शुगर अजून निघालेली नाही. त्यामुळे माझं काय चाललंय, हे गावाला कळत नाही.

भरतीवाला मीही होतो. लष्कराच्या भरतीत सोळाशे मीटर पळायला 60 गुण आणि दहा बीम मारायला 40. पळायला वेताळवाडीचा घाट होता, बीमला कडुलिंबाची फांदी. घाटात दम काढला, फांदीवर हातांची सालटी काढली, आणि मेडिकलला तळपाय सपाट निघाले. बरोबरीची पोरं वर्दी घालून गेली, मी फांदीलाच राहिलो. पण लटकायची गोडी लागली होती. पुढं कळलं, की फांदीला लोंबकळणाऱ्याला गावात रिकामटेकडा म्हणतात आणि शहरात पर्सनल ट्रेनर.

शहरात चार पैसे आणि दोन सर्टिफिकिटं मिळवून परत आलो. पत्र्याची शेड, आडवा लोखंडी पाईप, दोन सतरंज्या, एवढ्यावर दुकान मांडलं. पहिलं गिऱ्हाईक कापसाचे व्यापारी. चारी कोपरे बघून म्हणाले, "मशीन कुठं आहेत?"

"मशीन नाहीत, शेठ. स्वतःच्या वजनावर व्यायाम करायचा."

"वजन माझं?"

"तुमचंच."

"उचलणार पण मीच?"

"हो."

"मग फी कशाची?"

मी हिशोब मांडला. साधा दंड मारताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार तळहातांवर येतो. नव्वद किलोच्या माणसानं एक दंड मारला, की त्यानं साठेक किलो ढकलले. शेठचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "अन् वरचे तीस? घट धरली का?" ते पायांवर जातात, हे पटवताना मला घाम फुटला. त्या दिवशी शेडमध्ये घाम आलेला मी एकटाच.

एरवी मी बाळंभटदादा देवधरांची गोष्ट सांगतो. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे पहिलवान आव्हान घेऊन आले. या पोरसवदा बाळंभटानं मल्लखांबाच्या जोरावर अलीला चीत केलं आणि गुलाबनं लढायचंच टाळलं, असं सांगतात. गोष्ट फर्मास आहे. अडचण एवढीच, की सोयगाव 1948 पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं, त्यामुळे टाळ्या कुठं वाजवायच्या ते म्हातारी मंडळी ठरवू शकत नाहीत. मग मी घाईनं 1936 वर येतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले. इथं टाळ्या बिनधोक पडतात.

काकांपुढे मात्र डाळ शिजत नाही. त्यांनी जन्मभर युरियाच्या पन्नास किलोच्या गोण्या वाहिल्या. (2018 मध्ये सरकारनं गोणी 45 किलोची केली. ट्रेनरला न विचारता वजन उतरवायचं, ही कुठली पद्धत?) काका म्हणतात, "बसायला-उठायला शिकवून पैसे घेतो? तुझी काकू दिवसभर निंदते, तिला कोण देतं?" काकू या वयातही उकिडवी बसून तासन्‌तास निंदते. शेठ पहिल्या बैठकीला खाली गेले ते दोघांनी वर काढावे लागले. तरी माझं म्हणणं कायम आहे. गोणी काकांच्या कायम उजव्याच खांद्यावर. डाव्याला जन्मात काम लागलं नाही, आता दुखतो तोच. दंडात दोन्ही खांद्यांना सारखी मजुरी.

आणि खरं सांगू? डंबेलशी घासाघीस करता येते, आज पाचचा द्या, उद्या दहाचा बघू. स्वतःच्या वजनाशी भाव करता येत नाही. जिंदगी भावतोलात गेलेला माणूस पाईपखाली गप्प उभा राहून वर बघतो, ते बघायला मी फुकटातही शिकवलं असतं. (हे शेठना सांगू नका.)

कापसाचा हंगाम येईतो शेठ बारा किलोंनी उतरले. पेढे आणतील वाटलं, वही घेऊन आले. "माल कमी झाला. फी त्याच मानानं लावा."

म्हटलं, "शेठ, आता पाय खुर्चीवर ठेवून दंड मारायचे. तुमची ती घट पण हळूहळू हातावर घेऊ."

शेठनी वही मिटली, पाय वर ठेवले, दोन दंड कसेबसे काढले आणि तिथूनच, तोंड सतरंजीत असताना विचारलं, "बाकीचे हप्त्यानं चालतील का?"